कार्नेगी डेलीचे शटर

न्यू यॉर्क शहरात सातव्या अव्हेन्यूवर, पंचावन्नाव्या रस्त्याच्या नाक्याजवळ, ८५४ क्रमांकाच्या इमारतीत १९३७ पासून एक खाद्यगृह होते. नाव ‘कार्नेगी डेली’. जवळच्याच ‘कार्नेगी हॉल’ या प्रसिद्ध संगीत सभागृहावरून पडलेले. ३१ डिसेंबर २०१६ रोजी ते कायमचे बंद झाले. बंद होणार ही बातमी सप्टेंबरअखेर बाहेर आली आणि शेवटच्या आठवड्यांत तर दारासमोरच्या फुटपाथवर लांबच लांब रांगा लागल्या. माणसे थंडीत उभी राहत, आत शिरून सुमारे वीस डॉलरचे सँडविच मागवत आणि त्यातले अर्धे बांधून घरी नेत, कारण एका माणसाला ते संपत नसे. गिऱ्हाइकाने ताट चाटूनपुसून साफ केले म्हणजे आपलेच काहीतरी चुकले, अशी तिथल्या मालकांची धारणा होती.

जुने खाद्यगृह बंद पडल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. गेली वीस-बावीस वर्षे मी मुंबई-पुण्याच्या खानावळी आणि इराणी हॉटेले यांची कागदपत्रे गोळा करते आहे. विद्यापीठाचा शिक्का माझ्यापाशी नाही. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांमध्ये, रद्दीवाल्यांच्या आणि ग्रंथपालांच्या कृपेने हे काम चालते. खानावळ बंद का पडते, या प्रश्नाला एक तयार उत्तर मला दर वेळी मिळत आले आहे : ‘जागेचे भाव वाढले हो, परवडत नाही.’ कार्नेगी डेलीकडे मी वळले ती या उत्तरामुळे. ती ज्या इमारतीत होती, ती इमारत मालकांच्या स्वतःच्या मालकीची होती. भाडे वाढवणारा कोणी घरमालकच तिथे नव्हता. गिऱ्हाईक नव्हते म्हणावे, तर रांगा होत्या. मग शटर का ओढले?

आधी ‘डेली’ म्हणजे काय ते सांगायला हवे. मराठीत याला नेमका शब्द नाही आणि ‘खानावळ’ म्हणून भागणार नाही.

मूळ शब्द ‘डेलिकटेसन’. जर्मन भाषेत तो फ्रेंचमधून आला. अर्थ साधारण ‘चवीचे, निवडक पदार्थ’. एकोणिसाव्या शतकात न्यू यॉर्कला येऊन राहिलेल्या जर्मन लोकांनी खारवलेले मांस, सॉसेज, लोणची, सॅलड विकणारी दुकाने काढली, त्यांना हे नाव होते. पुढे १८८१ पासून रशियन साम्राज्य, गॅलिशिया, रुमानिया इथून ज्यू निर्वासितांचे लोंढे अमेरिकेकडे निघाले. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने दार जवळजवळ बंद केले, तोवर वीस लाखांहून अधिक ज्यू तिथे पोचले होते. त्यातले बरेचसे मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या चाळवजा इमारतींत दाटीवाटीने राहिले. त्यांच्यातल्या काहींनी जर्मनांचे हे दुकान उचलले, त्यातले डुकराचे मांस वगळले आणि आपल्या धर्मनियमांत बसेल असा माल त्यात मांडला.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. माझाही अनेक वर्षे तोच समज होता, असे म्हणायला हरकत नाही, कारण सगळेच तसे लिहितात : पूर्व युरोपातल्या खेड्यांतल्या ज्यूंचे जेवण अमेरिकेत आले आणि त्याची डेली झाली. प्रत्यक्षात त्या खेड्यांत मांस हा रोजचा पदार्थ नव्हताच. शब्बाथला, सणावाराला मिळाले तर मिळाले. एरवी पाव, बटाटा, कोबी, कांदा, हेरिंग मासा. गोमांसाचा ढीग दोन पावांमध्ये घालून खाणे हे त्यांच्या आजीने स्वप्नातही पाहिले नसेल. डेली अमेरिकेत जन्मली. स्वस्त आणि मुबलक मांस हे अमेरिकेचे नवल होते आणि डेलीचे सँडविच हे त्या नवलाचे माप होते. टेड मर्विन या अभ्यासकाने ‘पस्त्रामी ऑन राय’ या पुस्तकात यापुढची गोष्ट मांडली आहे. डेलीचा सुवर्णकाळ बोटीतून उतरलेल्या पहिल्या पिढीचा नाही. अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांचा, म्हणजे दोन महायुद्धांमधला आहे. पहिल्या पिढीकडे बाहेर खायला पैसे नव्हते आणि तशी सवयही नव्हती. मुलांच्या खिशात चार पैसे आले. ती रोज प्रार्थनेला जात नव्हती, पण डेलीत जात होती. १९३०च्या दशकात न्यू यॉर्कच्या पाच विभागांत मिळून सुमारे दीड हजार कोशर डेल्या होत्या. आज सगळ्या शहरात मिळून त्या दोन-चार डझनांत मावतील.

‘कोशर’ म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे खाण्यास योग्य. त्याचे नियम विस्ताराने सांगायचे तर वेगळा लेख होईल. डेली समजण्यापुरते तीनच सांगते. डुक्कर आणि कवचाचे जलचर वर्ज्य. जनावर शास्त्राने सांगितलेल्या पद्धतीनेच कापायचे आणि मांस मीठ लावून रक्त काढून घ्यायचे. आणि तिसरा नियम, दूध आणि मांस एकत्र करायचे नाही. करडाला त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये, या तोरातल्या आज्ञेवरून हा नियम वाढत वाढत इतका कडक झाला, की स्वयंपाकघरात भांडीसुद्धा दोन संचांची असतात.

हा तिसरा नियम आपल्याकडेही पाळला गेला आहे, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. रायगड जिल्ह्यातले आणि मुंबईतले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, त्यांच्या मटणाच्या रश्शात नारळाचे दूध असते. गाईम्हशीच्या दुधाला मांसाबरोबर बंदी, नारळाच्या दुधाला नाही. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी शेजाऱ्यांच्या भावनेला मान देऊन पिढ्यान्‌पिढ्या गोमांसही टाळले. त्यामुळे न्यू यॉर्कच्या डेलीतला मुख्य पदार्थ त्यांच्या पानात कधी नव्हता. धर्म तोच, शास्त्र तेच, पण एकाच्या ताटात मलिदा आणि दुसऱ्याच्या ताटात पस्त्रामी. धर्म काय खाऊ नये ते सांगतो. काय खावे ते गाव ठरवते.

दूध-मांसाच्या नियमामुळे न्यू यॉर्कमध्ये ज्यूंची दुकाने दोन प्रकारची झाली. मांस विकणारी ती डेली. खारवलेले मासे, क्रीम चीज, लोणी असा दुधामाशाचा माल विकणारी वेगळी. त्यांना ‘अपेटायझिंग’ दुकान म्हणतात. १९१४ पासून चालू असलेले ‘रस अँड डॉटर्स’ हे त्यातले नावाजलेले. बेगल, क्रीम चीज आणि सामन मासा हा जगप्रसिद्ध ज्यू नाश्ता त्या दुकानातला, डेलीतला नव्हे. दोन्ही एकाच छपराखाली मिळू लागले, ते नियम सैल झाल्यावर. कार्नेगी डेली अशीच सैल होती. तिथे खारवलेल्या गोमांसावर स्विस चीज वितळवलेले ‘रूबेन’ सँडविच मिळे, आणि मांसाच्या जेवणावर उंच चीजकेकचा तुकडा. अशा जागांना ‘कोशर स्टाइल’ म्हणतात. आपल्याकडे ‘शुद्ध जैन’ पाटीखाली कांदा मागितला तर मिळावा, तसाच काहीसा प्रकार. हा ढोंगीपणा आहे का? मला वाटत नाही. ज्यांना नियम नको होते पण नियमांची चव हवी होती, अशांची ही जागा होती.

आता पस्त्रामी. वाचकांपैकी अनेकांना हा पदार्थ खाण्याचा नसून वाचण्याचा आहे, हे मी जाणून आहे. मी स्वतःही शाकाहारी घरातली. पण कृती समजून घेण्याजोगी आहे, कारण डेलीचे अर्थशास्त्र तिच्यातच दडले आहे.

शब्दाचा उगम तुर्की ‘बास्तिर्मा’त, म्हणजे ‘दाबलेले’. दाबून, मसाला लावून वाळवलेले मांस. ऑटोमन अमलाखालच्या रुमानियात त्याचे ‘पास्त्रामा’ झाले. तिथले ज्यू ते पुष्कळदा हंसाच्या छातीच्या मांसाचे करत. अमेरिकेत हंस महाग आणि गाय-बैल स्वस्त, म्हणून पदार्थाने प्राणी बदलला. त्यातही कोशर नियमामुळे जनावराचा मागचा भाग सहसा वापरता येत नाही, कारण त्यातली एक विशिष्ट शीर काढून टाकणे फार किचकट असते. म्हणजे कोवळे, महागडे तुकडे आपोआप बाद. उरला पुढचा भाग : छातीचे मांस, त्याला ‘ब्रिस्केट’ म्हणतात, आणि पोटाकडचा चरबीदार पट्टा, त्याला ‘नेव्हल’. दोन्ही चिवट आणि म्हणून त्या काळी स्वस्त. चिवट मांस मऊ करायला वेळ लागतो, आणि गरिबाकडे तेवढा एक वेळच असतो.

मिठाच्या, लसणीच्या पाण्यात हे मांस दोन-तीन आठवडे मुरवायचे. मग बाहेरून भरडलेले धणे आणि काळी मिरी यांचा जाड थर चोपडायचा. मग धुरी. मग शिजवणे, आणि गिऱ्हाइकाच्या पानात पडेपर्यंत वाफेवर ठेवणे. धणे, मिरी, लसूण! धुरी सोडली तर आपल्याच फडताळातला ऐवज. यातली धुरी आणि मसाल्याचा थर वगळून ब्रिस्केट नुसते मुरवून उकडले, की त्याचे ‘कॉर्न्ड बीफ’ होते. यातल्या ‘कॉर्न’चा मक्याशी संबंध नाही, खड्यामिठाच्या दाण्यांना इंग्रजीत पूर्वी कॉर्न म्हणत.

मांस राय नावाच्या काळपट धान्याच्या पावात, मोहरीची चटणी लावून द्यायचे. सोबत काकडीचे लोणचे. हे लोणचे व्हिनेगरचे नसते. मिठाच्या पाण्यात काकडी आंबवतात, थोडे दिवस ठेवली तर ‘अर्धी आंबट’, जास्त ठेवली तर ‘पुरती आंबट’. मांसाच्या चरबीला तोड म्हणून ते लागते. प्यायला ‘डॉक्टर ब्राउन्स’ कंपनीचा सेल-रे, म्हणजे सेलरीच्या बियांच्या अर्काचा सोडा. सेलरी ही आपल्या ओव्याची चुलत बहीण. म्हणजे जड जेवणावर ओव्याचे पाणी म्हणा ना.

मुद्दा असा, की मुरवणे, धुरी, उकडणे, वाफवणे या सगळ्यांत मांसाचे वजन सारखे घटत जाते. खाटकाकडून आणलेल्या दहा किलोंतले बरेचसे गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही. कापणारा कारागीर कुशल लागतो; मांसाच्या धाग्याला आडवी सुरी चालली नाही, तर तीन आठवड्यांची मेहनत चिवट होऊन बसते. न्यू यॉर्कचे ‘कॅट्झ’ किंवा लॉस एंजेलिसचे १९४७ पासूनचे ‘लँगर्स’ इथे अजून हातानेच कापतात. स्वस्त मांस आणि स्वस्त श्रम या दोन खांबांवर हा धंदा उभा होता. पहिला खांब खचला. जनावरांच्या चाऱ्याचे भाव आणि दुष्काळ यांमुळे २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर आली आणि गोमांसाचे भाव विक्रमी चढले. शिवाय टेक्सासच्या पद्धतीचे भाजलेले ब्रिस्केट देशभर लोकप्रिय झाल्याने, गरिबांचा म्हणून ज्याकडे कोणी पाहत नव्हते तो तुकडा श्रीमंतांचा झाला. आपल्याकडे नाचणीचे जे झाले तेच.

कार्नेगीचा इतिहास थोडक्यात सांगते. पहिली चाळीस वर्षे ती अनेकांतली एक होती. त्याच सातव्या अव्हेन्यूवर, जवळच, ‘स्टेज डेली’ नावाची प्रतिस्पर्धी होती. तिचेही स्थापनावर्ष १९३७ च. नाटकवाल्यांत आणि विनोदवीरांत सुरुवातीला स्टेजचा दबदबा अधिक होता. १९७६ मध्ये मिल्टन पार्कर आणि लिओ स्टायनर यांनी भागीदारीत कार्नेगी घेतली. पार्कर हिशेब आणि मागची बाजू बघे; स्टायनर टेबलाटेबलांशी गप्पा मारत हिंडे. १९७९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या समीक्षक मिमी शेरटन यांनी शहरातली पस्त्रामी चाखून कार्नेगीची वाखाणली आणि दारात रांग लागली. वुडी ॲलनच्या ‘ब्रॉडवे डॅनी रोझ’ (१९८४) या चित्रपटाने ती देशभर पोचवली. त्यात म्हातारे विनोदवीर एका टेबलाभोवती बसून एका अयशस्वी एजंटाची गोष्ट एकमेकांना सांगतात, ते टेबल कार्नेगीतले. डेलीने कॉर्न्ड बीफ आणि पस्त्रामीच्या संयुक्त सँडविचला वुडी ॲलनचे नाव देऊन टाकले.

विनोदवीरांचा आणि डेलीचा संबंध योगायोगाचा नव्हता. रात्रीचा खेळ संपवून आलेल्या नटाला गरम जेवण देणाऱ्या जागा थोड्या. शिवाय डेलीत मोठ्याने बोलणे, भांडणे, वेटरने गिऱ्हाइकाचा पाणउतारा करणे हे जेवणाचाच भाग मानले जाई. कार्नेगीत लांब टेबलांवर अनोळखी माणसे कोपराला कोपर लावून बसत, भिंती नटनट्यांच्या सहीच्या छायाचित्रांनी भरलेल्या असत, क्रेडिट कार्ड चालत नसे, आणि दोघांत एक सँडविच घेतले तर वाटून खाण्याचा वेगळा आकार बिलात लागे. धोबीतलावच्या ‘बस्तानी’तल्या सूचनाफलकाची आठवण होण्यासारखे हे सगळे. त्या फलकावर कविता करणारे निसिम इझिकेल बेने इस्रायलच होते, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवते. ‘बस्तानी’ २००४ मध्ये बंद झाले.

ज्या अवाढव्य सँडविचने कार्नेगीचे नाव झाले, ते पार्कर-स्टायनर काळातले वैभव. एकेका सँडविचमध्ये पौंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमहून अधिक मांस. न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने जुनी मेन्यूकार्डे सर्वांसाठी खुली केली आहेत. मिस बटोल्फ नावाच्या एका बाईने १९०० पासून हजारोंनी जमवलेला हा संग्रह म्हणजे माझ्यासारखीला घरबसल्या मिळालेली खाणच. त्यातली आणि इतरत्र मिळतील ती मेन्यूकार्डे मी तासन्‌तास पाहिली आहेत. ती चाळताना माझे एक मत बनत गेले, ते मत म्हणूनच सांगते. सँडविच उंच होत गेले आणि भोवतालची ज्यू वस्ती विरळ होत गेली, या दोन गोष्टी साधारण एकाच काळातल्या आहेत. रोज येणाऱ्या शेजाऱ्याला पौंडभर मांस परवडत नाही आणि पचतही नाही. ते आयुष्यात एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी असते. फोटो काढण्यासाठी असते.

शेजारी कुठे गेले? दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना मिळालेल्या शिक्षणाच्या आणि घरकर्जाच्या सवलतींनी ज्यूंची तरुण पिढी ब्रॉन्क्स-ब्रुकलिनमधून लाँग आयलंड, न्यू जर्सी अशा उपनगरांत गेली. तिथे मोटारीने जायचे सुपरमार्केट होते आणि त्यात हवाबंद पाकिटात कापलेले मांस मिळत होते. डेलीवाल्याचा मुलगा डॉक्टर झाला, वकील झाला. काउंटरमागे उभा राहून बोटे कापून घ्यायला त्याला बापानेच मनाई केली होती. चरबी आणि मीठ यांविषयी डॉक्टर बोलू लागले, ते वेगळेच. आणि जिथून नवी माणसे, नव्या चवी आल्या असत्या, तो पूर्व युरोप ज्यूंपुरता हिटलरने बेचिराख केलेला. झाडाची मुळे तिकडे जळाली आणि इकडे पाने उपनगरात उडाली. डेली मधल्या मध्ये उभी राहिली. काउंटरमागचे कारागीरही बदलले. पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक इथून आलेल्या माणसांच्या हातांत ती सुरी गेली, आणि त्यांनी ती उत्तम चालवली.

भाड्याने मेलेल्या डेल्या अर्थात आहेत. स्टेज डेली २०१२ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली, ती वाढत्या भाड्याचे कारण देऊनच. ‘सेकंड अव्हेन्यू डेली’ची गोष्ट अधिक दुःखाची. युद्धानंतर निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या एब लेबेवोल यांनी ती १९५४ मध्ये काढली. यिडिश रंगभूमीची ती जुनी पेठ. रंगभूमी आटली तेव्हा लेबेवोलांनी दारासमोरच्या फुटपाथवर यिडिश नटनट्यांची नावे कोरलेल्या फरश्या बसवल्या. ४ मार्च १९९६ रोजी गल्ल्याची रक्कम बँकेत भरायला जात असताना त्यांचा खून झाला. त्याचा उलगडा झालेला नाही. जानेवारी २००६ मध्ये दरमहाचे भाडे २४ हजार डॉलरवरून ३३ हजार करण्याच्या वादात डेलीने ती जागा सोडली. त्या जागी बँकेची शाखा आली. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात पुतण्यांनी ती तेहतिसाव्या रस्त्यावर पुन्हा उघडली, आणि ती चालली. म्हणजे भाड्याने बंद पडलेली डेली, चालवणारी माणसे असतील तर, दुसरीकडे उठून उभी राहू शकते.

कार्नेगीपाशी जागा होती. पार्कर २००९ मध्ये वारले आणि धंदा त्यांच्या कन्येकडे आला. शेवटची काही वर्षे वाईट गेली. कामगारांनी कमी वेतनाबद्दल दावा लावला होता. २०१४ मध्ये साडेसव्वीस लाख डॉलर देण्यावर तो मिटला. मार्च २०१५ मध्ये शहराच्या ईस्ट व्हिलेज भागात बेकायदा गॅसजोडणीमुळे स्फोट होऊन दोघांचा जीव गेला आणि तपासण्या कडक झाल्या. पुढच्याच महिन्यात कार्नेगीच्या इमारतीत मीटर चुकवून गॅस घेतला जात असल्याचे उघड झाले. गॅस तोडला. डेली सुमारे दहा महिने बंद राहिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पुन्हा उघडली. लोक परतले, आणि आठ महिन्यांत कायमचे बंद करण्याची घोषणा झाली. कारण सांगितले ते साधे : पहाटेपासून रात्री उशिरापर्यंतचे कष्ट आता सोसत नाहीत.

वृत्तपत्रांतल्या अनेकांना हे कारण पुरेसे वाटले नाही. मला ते खरे वाटते. खाद्यगृह रोज नव्याने उघडावे लागते. आपल्या गिरगावातल्या-दादरच्या खानावळींच्या वारसांशी बोलताना ‘आई चारला उठायची’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, की ते मी आता टिपूनही घेत नाही. त्या वाक्यापुढे ‘म्हणून मी नाही उठत’ हे कोणी बोलत नाही, पण ते असते. आणि कार्नेगीच्या बाबतीत न उठताही पैसे मिळण्याची सोय होती. मांस आणि चीजकेक न्यू जर्सीतल्या कार्लस्टॅट इथल्या कारखान्यात तयार होत. दुकान मिटले तरी कारखाना चालू ठेवता येत होता, घाऊक विक्री आणि टपालाने माल पाठवणे चालू ठेवता येत होते, नावाचा परवाना दुसऱ्यांना देता येत होता. तसेच झाले. बंद पडले ते एवढेच : लांब टेबले, वेटर, काउंटरमागची माणसे, त्यांच्या नोकऱ्या आणि मध्यरात्रीनंतर उघडे असलेले दार. धंद्याच्या हिशेबात हाच भाग तोट्याचा, कटकटीचा. आणि डेली म्हणजे नेमका हाच भाग.

डिसेंबर २०१८ मध्ये ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ या मालिकेच्या जाहिरातीसाठी न्यू यॉर्कमध्येच, पण दुसऱ्याच भागात, काही दिवसांपुरती ‘१९५८ ची कार्नेगी डेली’ उभारण्यात आली. जुन्या काळासारखी सजावट, जुन्या काळचे कपडे घातलेले कर्मचारी, सँडविचची किंमत ९९ सेंट. रांग इथेही लागली. मला त्यातली गंमत कळते, पण खर्च जाहिरातदार सोसत असेल तरच ती किंमत परवडते, हेही कळते.

नव्या मंडळींनी थोड्या वेगळ्या वाटेने हा धंदा हाती घेतला आहे. २०१० मध्ये ब्रुकलिनमध्ये ‘माइल एंड’ निघाली. तिच्यात माँट्रियलच्या पद्धतीचे धुरी दिलेले मांस स्वतः मुरवून देतात. सँडविच लहान, मेन्यू आखूड. डेव्हिड सॅक्स या कॅनडाच्या पत्रकाराने २००९ मध्ये ‘सेव्ह द डेली’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या सुरात काकुळती होती. अशा दुकानांमुळे ती थोडी कमी व्हायला हरकत नाही. आकडे मात्र अजून बंद होणाऱ्यांच्याच बाजूने आहेत. क्वीन्समधली १९४५ पासूनची ‘बेन्स बेस्ट’ ही कोशर डेली २०१८ च्या उन्हाळ्यात मिटली.

जुन्यांतली टिकलेली म्हणजे कॅट्झ. स्थापना १८८८ ची सांगतात. लोअर ईस्ट साइडला ह्यूस्टन आणि लडलो रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. ती टिकली यामागे पस्त्रामीइतकाच आणखी एक व्यवहार आहे. जागा मालकांची स्वतःची, आणि इमारत बुटकी. डोक्यावर जे मजले बांधण्याचा हक्क होता पण बांधलेले नव्हते, तो हक्क त्यांनी शेजारच्या बांधकामाला विकला. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. ‘टीडीआर’ म्हटले की पुरे. शेजारी टोलेजंग इमारत उठली आणि तिच्या पायाशी ती जुनी डेली निऑनच्या पाट्यांसह तशीच राहिली. आपल्याकडे असा हक्क विकून खानावळ टिकवल्याचे एक उदाहरण मला सापडायचे आहे. उलट झालेली बरीच माझ्या वहीत आहेत.

माझ्या नणंदेचा मुलगा न्यू जर्सीत असतो. मावशी-मामींच्या फर्माइशी निमूटपणे पुऱ्या करणाऱ्यांपैकी आहे. त्याला मी कॅट्झमध्ये पाठवले. त्याने काकडीचे लोणचे आणि बटाट्याचा निश एवढेच खाल्ले, आणि मला फोटो पाठवला तो दारात हातात देतात त्या कागदी तिकिटाचा. आत काहीही घ्या, काउंटरवरचा माणूस त्यावर आकडा लिहितो, आणि बाहेर पडताना ते दाखवूनच पैसे द्यायचे. काही घेतले नसले तरी कोरे तिकीट परत करावे लागते. हरवले तर दंड पन्नास डॉलर.